पंप पुसू नकोस

प्रिय मावशी,

वय २७. पर्यावरणाच्या इतिहासात पीएचडी करतोय. एक पाणथळ जागा दीडशे वर्षांत कशी बुजत गेली, हा विषय. रात्री अँबियंट, म्हणजे वातावरणासारखं मंद वाजत राहणारं, संगीत करतो. दोन्हींवर सारखाच जीव आहे आणि दोन्ही अर्धवट राहतंय. गाइडना तिसरं प्रकरण हवंय, ज्या मित्राबरोबर संगीत करतो त्याला अल्बम पुरा करायचाय. दोघंही भली माणसं, तगादा लावत नाहीत, त्यामुळे जास्तच अपराधी वाटतं. प्रबंध रखडायला आणखी एक कारण आहे. मधल्या पस्तीस वर्षांच्या पाहणीच्या नोंदवह्या कचेरीत जागा नाही म्हणून कुणीतरी रद्दीत घातल्या. तो राग अजून जात नाही. संगीतातही वेळ फार जातो. त्याच पाणथळीच्या काठावर पहाटे रेकॉर्डिंग करतो, मग पंप, गाड्या, माणसांचं बोलणं काढून फाइल साफ करत बसतो (मूळ फाइल ठेवत नाही, हार्डडिस्क भरते). ऐकणारे म्हणतात, माणसांचं जग विसरायला होतं. यातलं एक सोडून द्यावं का?

— दोन डगरींवर पाय

---

तुझ्या पत्रात एक कंस आहे. बाकीच्या पत्राबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. गाइड भले आहेत, मित्र भला आहे, राहू देत भले. तो कंस मात्र मी सोडणार नाही.

कचेरीतल्या ज्या अनोळखी माणसावर तू इतका चिडून आहेस, त्यानं काय केलं? जागा नव्हती म्हणून मूळ नोंदी टाकून दिल्या. आणि तू काय करतोस? त्याच्याकडे निदान सबब होती. पुढे कधी कुणी या वह्या शोधत येईल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. तू तर तेच शिकतोयस.

जागेचं कारण मला सांगू नकोस. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ अशा चांगल्या दर्जाचं तासाभराचं स्टीरिओ रेकॉर्डिंग साधारण एक जीबीचं होतं. एक टेराबाइटच्या डिस्कवर असे साडेनऊशे तास मावतात. इतक्या पहाटा तू काठावर काढलेल्या नाहीस. तुला पंप ऐकवत नव्हता, म्हणून त्या फायली गेल्या.

बर्नी क्राउस तुला माहीत असेल. माणूस तुझ्याच बिरादरीतला, सिंथेसायझरवाला. १९६८ च्या सुमारास तो रेकॉर्डर घेऊन बाहेर पडला आणि पुन्हा पूर्णपणे स्टुडिओत परतलाच नाही. १९८८ साली त्यानं कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडामध्ये लिंकन मेडो नावाच्या कुरणात पहाटेचं रेकॉर्डिंग केलं. तिथे लाकूडतोड व्हायची होती. निवडक झाडंच तोडू, परिसराला धक्का लागणार नाही, अशी कंपनीची ग्वाही होती. वर्षभरानं, तोड झाल्यावर, तो त्याच तारखेला, त्याच वेळी, तसंच हवामान बघून परत गेला. कुरण डोळ्यांना होतं तसंच दिसत होतं. रेकॉर्डरला मात्र ओढ्याचं पाणी आणि सुतारपक्ष्याची ठकठक सोडली तर फारसं काही ऐकू आलं नाही. पक्ष्यांचा गलबला गेला होता. ही गोष्ट आज जगाला माहीत आहे, कारण पहिली टेप त्यानं जशीच्या तशी जपून ठेवली होती. तुझ्या साफ केलेल्या फाइलला कुठली तारीख लावशील? ती कोणत्याही वर्षाची, कोणत्याही पाण्याची असू शकते.

आणखी एक. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट नावाच्या चिमुकल्या पक्ष्याचा अभ्यास झाला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे रहदारीचा गोंगाट जास्त, तिथले नर आपल्या गाण्यातले खालचे स्वर सोडून वरच्या पट्टीत गातात. गाड्यांचा आवाज खालच्या पट्टीत असतो, त्यात स्वतःचं गाणं बुडू नये म्हणून. आता असल्या रेकॉर्डिंगमधून तू गाड्या काढल्यास तर काय उरेल? उंच पट्टीत गाणारा एक पक्षी, आणि तो तसा का गातो हे कळायची वाट बंद. शिवाय खालची पट्टी कापताना बेडकांचा खर्ज आणि घुबडाचा घूत्कारही थोडाफार कापला जातोच, ते तू कधी तपासलंस का, देव जाणे.

ऐकणाऱ्यांना माणसांचं जग विसरायला होतं, हे तू कौतुक म्हणून लिहिलंयस. पर्यावरणाचा इतिहासकार विल्यम क्रोनन याचा १९९५ चा निबंध तुझ्या संदर्भसूचीत असणारच. तुमच्या विषयात त्याला बगल देऊन कुणी पुढे जात नाही. माणसाचा हात न लागलेला निसर्ग ही माणसानंच रचलेली कल्पना आहे, असं तो बजावून सांगतो. दिवसा हे वाचायचं, समासात खुणा करायच्या, आणि रात्री हेडफोन लावून नेमका तसाच निसर्ग घडवायचा. दमशील नाही तर काय होईल? दोन आवडी सांभाळताना माणूस थकतो खरा, पण तुझा थकवा तो नव्हे. दिवसा मांडलेलं रात्री खोडायचं, याचा तो थकवा आहे.

आणि या खोडण्याला संगीताचं नाव तर देऊच नकोस. संगीतकार ब्रायन ईनो १९७५ मध्ये अपघातानंतर अंथरुणाला खिळून होता. हार्पची रेकॉर्ड लावलेली, आवाज फार बारीक, स्टीरिओची एक बाजू बंद, आणि उठून ते नीट करायची ताकद नाही. बाहेर पाऊस पडत होता. पावसात मिसळून मधूनच ऐकू येणारे स्वर तो तसेच ऐकत राहिला, आणि संगीत असंही ऐकता येतं हे त्याला सुचलं. पुढे १९७८ मध्ये त्यानं या प्रकाराला अँबियंट हे नाव दिलं. थोडक्यात, तुझ्या संगीताची सुरुवातच बाहेरचा आवाज आत येऊ देण्यातून झालेली आहे.

आता मला खरं जे विचारायचंय ते. तो पंप कुणाचा आहे?

पत्रात तू त्याचा उल्लेख गाड्यांच्या रांगेत बसवून टाकलायस. पण पाणथळीच्या काठावर पहाटे पंप चालतो, म्हणजे तो कुठून तरी पाणी उपसतोय आणि कुठे तरी नेतोय. शेतात? बांधकामावर? की पाणथळीतूनच उपसून बाहेर सोडतोय, जमीन कोरडी करायला? डिझेलचा आहे की विजेचा? गेल्या वर्षी होता का? ही पाणथळ बुजली कशी हे तू रद्दीत गेलेल्या वह्यांमध्ये शोधतोयस आणि ती बुजण्याचा चालू अध्याय तुझ्या मायक्रोफोनमध्ये रोज पहाटे स्वतःहून येतोय. तो तू एक-एक करून पुसलास. आणि ती बोलणारी माणसं कोण होती? पहाटे चिखलात कुणी उगाच येत नाही. तिथे त्यांचं काहीतरी काम आहे, पाणी गेलं तर ते बुडणार आहे किंवा साधणार आहे.

म्हणून एक सोड, एक धर, असं मी सांगणार नाही. जॉन लूथर ॲडम्सला खरंच निवडावं लागलं. अलास्कात पर्यावरण संघटनेचं पूर्णवेळ काम केल्यावर ते सोडून तो संगीताकडे वळला, आणि २०१४ मध्ये त्याच्या समुद्रावरच्या रचनेला पुलित्झर मिळालं. त्याच्यापुढे दोन रस्ते होते. तुझ्यापुढे एकच काठ आहे आणि तू त्याचा अर्धा भाग कापून टाकतोयस.

उद्या पहाटे जा. रेकॉर्डर चालू कर आणि पंपाच्या दिशेनं चालत जा, पार त्याच्याजवळ पोचेपर्यंत. तिथे जो भेटेल त्याच्याशी बोल. त्याचा आवाज ठेवायचा असेल तर त्याला विचारून ठेव. मग दर महिन्याला एकदा त्याच जागी, सूर्योदयाच्या तेवढ्याच आधी, तोच माइक, तीच उंची, रेकॉर्डरवर आवाजाची तीच पातळी. तारीख, वारा, पाण्याची पातळी वहीत. मूळ फाइलला हात लावायचा नाही. संगीत करायचं ते तिच्या प्रतीवर, आणि पंप त्यात राहील. मोटर विजेची असेल आणि वीज ५० हर्ट्झची, तर तिची गुणगुण १०० च्या आसपास सापडेल. सिंथ तिच्याशी जुळवून लाव. मित्राला आवडलं नाही तर त्यालाही एकदा काठावर घेऊन जा. गाइडना सांग की तिसरं प्रकरण पंपापासून सुरू होईल.

पण हे सगळं उद्या. आत्ता उठ आणि रिसायकल बिन उघड. रिकामी केली नसशील तर आहेत त्या सगळ्या फायली परत काढ. केली असशील तर त्या डिस्कवर नवीन काहीही साठवू नकोस, संगणक बंद कर आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे ती डिस्क घेऊन जा.

— मावशी