गॅनोडर्माच्या कॅप्सूल आईला द्याव्यात का, आणि अस्सल माल कुठे मिळतो?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आईला मधुमेह आहे, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, आणि नात्यातल्या एकाने गॅनोडर्मा, म्हणजे रेशी अळंबीच्या कॅप्सूल सुरू करायला सांगितलंय. फायदा होतो का, अस्सल कुठे मिळेल, आणि घरामागच्या माडाच्या बुंध्याला तशीच लाल, चकचकीत अळंबी आलीय ती उकळून दिली तर चालेल का?

गोव्यात फोंड्याला माझी फार्मसी आहे, त्यामुळे पहिले दोन प्रश्न काउंटरवर नेहमीचे. पण माडाचा आधी घेतो, तिथे घाई आहे.

ती अळंबी उकळू नका. बुंध्याला ती दिसणं म्हणजे माड मुळापासून कुजत चालल्याची खूण. बाहेर अळंबी दिसते तोवर आत बुरशी बरीच पसरलेली असते. खोडातून तपकिरी चीक गळतोय का, खालच्या झावळ्या लोंबल्यात का ते बघा आणि कृषी कार्यालयातल्या माणसाला बोलावून दाखवा, कारण हा रोग मातीतून, मुळांवाटे शेजारच्या माडापोफळींनाही लागतो. राहिला औषधाचा भाग. कूळ गॅनोडर्माचंच, पण जाती पुष्कळ. चीनमध्ये जी पिकवतात तिला शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये गॅनोडर्मा लिंगझी असं वेगळं नाव दिलं. तुमच्या माडावरची कुठली, हे नुसतं बघून कोणी सांगू शकणार नाही. त्यातून आपल्या बागायतीत बुंध्याशी बोर्डो मिश्रण ओतायची पद्धत, म्हणजे मातीत मोरचूद, आणि अळंब्या मातीतले धातू शोषून घेण्यात पटाईत. असला काढा मी तरी कोणाला देणार नाही.

आता फायदा. विकणारा माणूस मधुमेहापासून कॅन्सरपर्यंत सगळी नावं एका दमात घेतो. रेशीत बीटा-ग्लुकन आणि ट्रायटर्पिन ही द्रव्यं आहेत आणि प्रयोगशाळेत ती प्रतिकारशक्तीच्या पेशींवर परिणाम करतात, एवढं खरं. पण तुमचा प्रश्न आईच्या साखरेचा. त्यावर 2015 चा कॉक्रेन आढावा आहे (कॉक्रेन म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था): पाच चाचण्या, 398 माणसं, बहुतेक टाइप 2 मधुमेहाची. रेशीने साखर किंवा हृदयविकाराचा धोका कमी होतो असं त्यात दिसलं नाही. कॅन्सरवरचा आढावाही कॉक्रेनचाच. त्याचं म्हणणं, मुख्य उपचार म्हणून रेशी वापरावी इतका पुरावा नाही, चालू उपचारांच्या जोडीला फार तर विचार करता येईल. म्हणजे साखरेसाठी महिन्याला हजारो रुपये घालवण्यात अर्थ नाही. मी फार्मसीवाला असून सांगतोय, तेव्हा धंद्याविरुद्ध बोलतोय हे लक्षात घ्या.

इतर अळंब्यांचं चित्र थोडं वेगळं. लायन्स मेन नावाच्या अळंबीवर जपानमध्ये 2009 साली एक छोटी चाचणी झाली, विस्मरणाची सुरुवात असलेल्या 30 जणांवर. 16 आठवडे पावडर घेतल्यावर स्मरणाच्या चाचणीतले गुण सुधारले, बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा घसरले. तीस माणसांवरून मी मत बनवणार नाही. कॉर्डिसेप्सच्या, म्हणजे हिमालयात किड्यावर उगवणाऱ्या कीडाजडीच्या, बाटलीवर हिमालयाचं चित्र असलं तरी आत बहुधा प्रयोगशाळेत वाढवलेली दुसरीच जात असते. खरी कीडाजडी सोन्याच्या भावाने विकली जाते, ती त्या किमतीत येईल कशी?

आईच्या बाबतीत मला खरी भीती आहे ती त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीची. रेशीमुळे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, एकमेकींना चिकटण्याची क्रिया मंदावू शकते. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनबरोबर ती घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. साखरेच्या गोळ्यांबरोबर साखर जास्त खाली जाऊ शकते. आणि रेशीची पावडर घेणाऱ्यांना यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, त्यातला एक रुग्ण दगावला. दुर्मीळ आहे, पण ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

एवढं वाचूनही घ्यायचीच असेल तर माल असा पारखा. लेबलवर ‘फ्रूटिंग बॉडी’ (म्हणजे प्रत्यक्ष अळंबी) लिहिलंय की ‘मायसेलियम’ (म्हणजे बुरशीचं तंतूंचं जाळं)? मायसेलियम बहुतेक वेळा धान्यावर वाढवतात आणि धान्यासकट दळतात, म्हणजे तुम्ही चढ्या भावाने तांदळाचं पीठ घेता. ‘पॉलिसॅकराइड 30 टक्के’ या आकड्याला भुलू नका, पिष्टही (स्टार्च) पॉलिसॅकराइडच. बीटा-ग्लुकन किती ते वेगळं दिलेलं हवं. घरी एक परीक्षा करता येते: कॅप्सूल फोडून पावडर पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. पाणी निळं-काळं झालं की पिष्ट भरपूर. दुसरी परीक्षा जिभेवर. रेशीचा अर्क कडू जहर असतो, ट्रायटर्पिनांमुळे. चव मातकट-गोडसर लागली तर पैसे वाया. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या 19 नमुन्यांची तपासणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात लेबलप्रमाणे निघाले फक्त पाच. आपल्याकडे याहून चांगलं असेल असं मला वाटत नाही.

डबीवर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक असतोच, पण तो म्हणजे गुणाची हमी नव्हे. त्याच डबीवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असंही छापावं लागतं, आणि विकणारा नेमकं तेच अक्षर अंगठ्याखाली धरून बोलतो. त्याच्याकडे त्या बॅचचा जड धातूंचा तपासणी अहवाल मागा. साखळी विक्रीवाल्याकडे तो सहसा नसतो, ‘अप-लाइनला (साखळीतल्या वरच्या विक्रेत्याला) विचारून सांगतो’ असं उत्तर मिळतं. अहवाल नसेल तर घेऊ नका.

अळंबी पोटात जावी एवढीच हौस असेल तर बाजारातली धिंगरी आणा, उन्हात तासभर वाळवली की ड जीवनसत्त्वही वाढतं. रोयण अळम्यांचा, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या रानअळंब्यांचा, मोसम असेल तर श्रावणात त्यांची शागोती (गोव्याचं मसालेदार कालवण) करा, फक्त ओळखीच्या माणसाकडून घ्या आणि अभयारण्यातून तोडलेली नकोत.

आईच्या गोळ्यांच्या पाकिटावरची नावं आणि मात्रा कमेंटमध्ये लिहा. आणि कॅप्सूल आधीच सुरू केल्या असतील तर गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रिया किंवा दात काढायचा असेल तर किमान दोन आठवडे आधी बंद करायला हव्यात.