इम्पाला घ्या, पण भिंत पाडू नका

पुण्याच्या सहकारनगरमधून एका वाचकांनी लिहिलं आहे. वय ५६, खासगी कंपनीत नोकरी, ५८ व्या वर्षी निवृत्ती. पीएफ, मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून १ कोटी ४० लाख रुपये. पत्नी निवृत्त शिक्षिका, पेन्शन ३५ हजार. घरखर्च ७५ हजार. वडिलांचं नाना पेठेत मोटार दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. तिथे लहानपणी पाहिलेली शेवरोले इम्पाला मनातून कधी गेलीच नाही. आता १९६४ ची एक इम्पाला १८ लाखांना मिळते आहे. पण १९७४ साली वडिलांनी फिएटसाठी बांधलेल्या गॅरेजात ती मावत नाही. मागची भिंत पाडून गॅरेज वाढवायला कंत्राटदाराने ९ लाख सांगितले आहेत. बंगला अजून वडिलांच्याच नावावर आहे, वारस ते स्वतः आणि त्यांची बहीण. एकूण २७ लाख घालावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार. तुम्ही २७ लाखांचा एकच आकडा धरला आहे. मला त्यात दोन वेगळे निर्णय दिसतात. गाडीत घातलेले १८ लाख उद्या अडचण आली तर सगळे नाही, पण बरेचसे परत मिळू शकतात. भिंतीत घातलेले ९ लाख परत येत नाहीत. म्हणून आधी भिंतीचं बोलू.

तुमच्या मापांप्रमाणे गॅरेज आतून १६ फूट लांब, ९ फूट रुंद, आणि दाराची चौकट साडेसात फुटांची. फिएट जेमतेम १३ फुटांची, पाच फुटांहून कमी रुंद. तिला हे प्रशस्तच होतं. इम्पाला साडेसतरा फूट लांब आणि साडेसहा फुटांहून थोडी जास्त रुंद. म्हणजे लांबीला दीड फूट कमी आणि चौकटीत दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच. भिंत मागे सरकवून लांबी २० फूट केलीत तरी रुंदी तेवढीच राहणार. गाडी एका भिंतीला चिकटवून लावली तर दुसरीकडे जेमतेम दोन फूट उरतात, आणि इम्पालाचं दार लांबलचक आहे. रोज अंग चोरून उतरावं लागेल. ९ लाख खर्चूनही हेच होणार असेल तर कंत्राटदाराने तुमचा प्रश्न अर्धाच सोडवला आहे.

शिवाय गाडी गॅरेजपर्यंत पोचायला हवी. एक दिवस इनोव्हा क्रिस्टा भाड्याने आणा आणि तुमच्या गल्लीतून फाटकात वळवून बघा. इम्पाला तिच्यापेक्षा जवळजवळ दोन फूट लांब आणि सात इंच रुंद आहे. क्रिस्टालाच दोन-तीनदा मागेपुढे करावं लागलं, तर गॅरेजचा विषय तिथेच संपला. एका दिवसाच्या भाड्यात ९ लाखांचं उत्तर मिळेल. अंगणात खडूने साडेसतरा बाय साडेसहा फुटांचा चौकोन आखा आणि वहिनींना त्याच्याभोवती फिरून बघू द्या. त्यांची स्कूटर, कपड्यांचं स्टँड आणि कुंड्या कुठे जाणार हे तेव्हाच कळेल.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते बंगल्याच्या नावाचं. मृत्युपत्र नाही, वाटणी नाही, हक्कसोडपत्र नाही. अशा सामाईक मिळकतीत तुम्ही घातलेल्या ९ लाखांचा फायदा अर्धा बहिणीच्या हिश्शात जातो, आणि तिच्या संमतीशिवाय केलेलं बांधकाम पुढे वादाचं कारण होतं. तुमचे संबंध उत्तम आहेत असं तुम्ही लिहिलंय. म्हणूनच आज, सगळं गोड असताना, बसून बोला. वाढीव बांधकाम बाजूच्या मोकळ्या जागेत जात असेल तर महापालिकेची परवानगीही लागेल. विनापरवाना केलंत तर शास्ती कराची टांगती तलवार राहते आणि पुढे बंगला विकताना किंवा पुनर्विकासाला देताना हेच बांधकाम आडवं येतं.

मग गाडी ठेवायची कुठे? शिरवळकडची बंद शेड ६ हजार महिन्याने मिळते असं तुम्हीच लिहिलं आहे. वर्षाचे ७२ हजार. ९ लाखांवर सात टक्के धरले तर ६३ हजार व्याज येतं, म्हणजे भाडं थोडं महागच. तरीही मी भाड्याच्या बाजूने आहे, कारण भाडं थांबवता येतं.

निवृत्तीनंतरचा हिशेब मांडतो. पेन्शन वजा जाता तुम्हाला महिन्याला ४० हजार, वर्षाला ४ लाख ८० हजार गाठीच्या पैशातून काढावे लागतील. १ कोटी ४० लाखांवर हे साडेतीन टक्क्यांच्या आत आहे, ठीक आहे. गाडी आणि भिंत दोन्ही केलंत तर उरतात १ कोटी १३ लाख, आणि गाडीच्या देखभालीचा वर्षाला लाखभर धरला तर काढायची रक्कम पाच टक्क्यांवर जाते. गाडी घेऊन शेड भाड्याने घेतली तरीही साधारण तेवढीच, किंचित जास्तच. पुढे तीस वर्षं महागाईला तोंड द्यायचं असताना मी चार टक्क्यांच्या वर कुणालाच जाऊ देत नाही. फरक पडतो तो गाडी विकायची वेळ आली तर. १४ लाखांना गेली तरी भाड्याच्या मार्गाने तुम्ही पुन्हा साडेतीन टक्क्यांवर येता. भिंत पाडली असेल तर ९ लाख तिथेच अडकलेले असतात.

म्हणून माझा सल्ला असा: गाडी घ्या, शेड भाड्याने घ्या, आणि निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं भाडं, विमा, दुरुस्ती सगळं पगारातून करा. ठेवींना हात लावायचा तो फक्त १८ लाखांपुरता. निवृत्तीच्या महिन्यात पुन्हा हिशेब करू. तोवर तुम्ही महिन्यातून किती वेळा शिरवळला जाता हेही दिसेल. छोटी, फिएटएवढी जुनी गाडी घ्या असं मी सहज सुचवलं असतं, ती तुमच्या गॅरेजात मावते आणि पैसेही वाचतात. पण वडिलांच्या हाताखाली तुम्ही ज्या गाडीचे नट आवळले तीच हवी, हे तुमच्या पत्रात इतकं स्पष्ट आहे की तो पर्याय मी रेटत नाही.

विसार देण्याआधी नोंदणीचे कागद बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते; नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. रविवारी वहिनींना घेऊन पानशेतला जायचं स्वप्न असेल तर नेहमीची नोंदणी चालू आहे का, फिटनेस होतं का, हे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्या. विम्यात गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवून घ्या आणि पॉलिसीत तीच लिहिली आहे ना, ते पहा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. त्यामुळे जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे गॅस्केट बदलायचा खर्च पहिल्याच वर्षी धरा. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि बहिणीला फोन विसार देण्याआधी करा, नंतर नाही.