जुनी, स्वस्त कयाक मासे गरवायला घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: किनाऱ्यावरच्या एका वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडे दोघांची जुनी कयाक 12 हजारांत मिळतेय, खाडीत गरी टाकायला ती चालेल का, आणि तुम्ही आजवर कयाकमध्ये कधी बसलेला नाहीत. माझं उत्तर: घ्या, पण पाण्यात घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि घेतल्यावर पहिले चार दिवस गरी घरीच ठेवा. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

मी सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीच्या काठचा. धक्क्यावरून लहानपणापासून गरवत आलो. समोरच्या काठाला चिपीची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, मुळं पाण्यात उतरलेली दिसायची, तिथे तांबोशी बसते हे माहीत होतं, पण गरी तिथवर पोचायची नाही. इंजिनाची होडी नेली तर आवाजाने मासा पळतो. म्हणून तीन वर्षांपूर्वी एकट्याची, वर बसायची (आतून पोकळ, सगळीकडून बंद आणि तिच्या पाठीवर बसायचं अशी), दहा फुटी कयाक घेतली. पर्यटकांना भाड्याने दिलेली, रंग उडालेली, 9 हजारांत. विकणारा म्हणाला, एकदम टकाटक आहे. मी वरून हात फिरवला आणि घेऊन आलो.

पहिल्याच फेरीत तासाभराने वल्हं मारताना पाठीमागून आवाज यायला लागला. अर्ध्या भरलेल्या कळशीला हलवल्यावर येतो तसा, डुबुक डुबुक. आधी वाटलं बाहेरचंच पाणी आपटतंय. मग लक्षात आलं की मागचं टोक चार बोटं खाली गेलंय आणि सरळ नेली तरी कयाक एका बाजूला कलते. आतलं पाणी जिकडे झुकेल तिकडे सगळंच्या सगळं धावतं, त्यामुळे दोन बादल्या पाणीसुद्धा माणसाला उलटवायला पुरतं. मी काठाला लागलो, बूच काढलं, तर बराच वेळ पाणी वाहतच राहिलं.

भेग सापडायला दोन दिवस लागले. शेवटी रात्री अंगणातले दिवे बंद केले, मोबाईलचा टॉर्च लावून झाकणातून आत सोडला आणि बाहेरून फेरी मारली. सीटखाली पाणी निचरायला जे आरपार भोक असतं, त्याच्या कडेला केसाएवढी पिवळी रेघ उजळली. मागचं टोकही शेजारच्या भागापेक्षा जास्त उजळत होतं, म्हणजे वाळूवरून ओढून ओढून तिथलं प्लास्टिक झिजलेलं. वर बसायच्या जुन्या कयाकच्या दुखण्याच्या जागा या दोनच समजा: बसणाऱ्याचं वजन जिथे येतं तिथली भोकं, आणि ओढताना घासणारं टोक.

तेव्हा तुम्ही बघायला जाल तेव्हा टॉर्च आणि एक बादली घेऊन जा. बुचातून दोन-तीन बादल्या पाणी आत ओता, कयाक सगळीकडून कलती करा, बाहेर कुठे थेंब येतो ते बघा. बाहेरचं पाणी आत शिरायचं असेल तर आतलं बाहेरही येणारच. नखाने रंग खरवडून बघा. पांढरी भुकटी हाताला लागली तर ती वर्षानुवर्षं उन्हात पडलेली आहे आणि प्लास्टिक ठिसूळ व्हायला लागलंय. तळ अंगठ्याने दाबा. थोडा दबून परत आला तर ठीक, करकरला तर सोडून द्या.

भेग निघाली म्हणून लगेच नको म्हणू नका, भाव पाडायला ती कामाची असते. फक्त ती एम-सील किंवा अराल्डाइटने बुजवून कोणी देत असेल तर मान्य करू नका. या कयाक पॉलिथिलीनच्या असतात, त्यावर असलं काही धरत नाही, आठवड्यात पापडासारखं सुटतं. ते वितळवूनच जोडावं लागतं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या त्याच जातीच्या प्लास्टिकच्या असतात, त्यामुळे टाकी जोडणारा कारागीर हे काम करतो. माझी भेग त्यानेच गरम हत्याराने जोडली आणि ती आजही टिकून आहे.

दोघांच्या कयाकबद्दल एक गोष्ट आधीच बघा. एकटे जाणार असाल तर मधोमध बसायची सोय आहे का? नसेल आणि तुम्ही मागे बसलात तर पुढचं टोक वर उचललं जाईल आणि जरा वारा आला की वाऱ्याच्या काट्यासारखं फिरेल. एकट्याने ती उचलून पाण्यापर्यंत नेणंही जड जातं. नेहमीचा सोबती असेल तरच दोघांची घ्या, नाहीतर पैसे थोडे जास्त गेले तरी एकट्याची शोधा.

आता ते चार दिवस. अष्टमी ते दशमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या पाण्याला (भरती-ओहोटीचा चढउतार कमी असतो तेव्हा), कमरेएवढ्या खोलीत जा. उधाणाला नको, ओढ फार असते. लाइफ जॅकेट घाला, पट्टे आवळा आणि मुद्दाम पडा. कयाक उलटी झाली असेल तर आधी सरळ करा, मग बाजूने मधोमध धरा, पाय पाण्याच्या वरच्या थरात आणून जोरात मारा आणि पोटावर आडवे चढा. नंतर वळून बसा. पाय खाली लोंबकळत ठेवून चढायला गेलात तर ती अंगावर येते. सलग पाच वेळा चढता आलं की मग खोल पाण्याचं बघू. माझ्या ओळखीतला एक उत्तम पोहणारा दुसऱ्या वेळीच दमला होता, म्हणून हे इतकं आग्रहाने सांगतोय. त्याच दिवसांत मागे वळून डबा काढून बघा, पायाजवळचा चिमटा उचलून बघा. गरवताना माणूस या हालचाली न बघता करतो, आणि पडतो तो तेव्हाच.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत कोकणात सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास भरती पूर्ण, आणि साधारण दीड-पावणेदोन वाजता सुकती, म्हणजे ओहोटी. ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं. मी अशा दिवशी सहाला निघतो, चढत्या पाण्याबरोबर नेरूरपारच्या दिशेने वर जातो आणि पाणी फिरलं की त्याच्याबरोबर खाली येतो. जाताना-येताना दोन्ही वेळा पाणीच नेतं. अकरानंतर खारा वारा सुटतो, त्याआधी काठावर. मुखाकडे, म्हणजे देवबागच्या संगमाकडे, सुकतीच्या पाण्यात मी कयाक घेऊन कधीही जात नाही. तिथे खाडीचं सगळं पाणी अरुंद वाटेने समुद्रात ओढलं जातं आणि वल्ह्याने त्याच्याशी भांडता येत नाही. तुमची खाडी दुसरी असली तरी मुखाजवळ हेच होतं.

सुकतीला चिखलातही अडकू नका. पायात बूट हवेत, चपला नाही. कालवं पाय कापतात आणि कयाकचा तळही.

गरवण्याचं मग सोपं आहे. एकच गरीची काठी, सहा-सात फुटांची, दोरीने कयाकला बांधलेली. वल्हंही बांधलेलं. नांगर दीड किलोचा पुरतो, पण त्याची दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकाला. मधे बाजूला बांधली तर ओढीत कयाक आडवी होऊन उलटते. दोरी कापायला सुरी हाताशी. मोठा मासा लागला तर कयाक त्याच्यामागे जाऊ द्या, तेवढा तो लवकर दमतो. चोणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, लागला की तो आधी मुळांकडे पळतो, तिथेच काय तो जोर लावायचा. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणून फार मोठा आला तर मी सोडतो. अंड्यांवर आलेली मादी असू शकते. शिंगाळा आला तर मात्र हात लावू नका. त्याचे काटे विषारी असतात आणि कयाकमध्ये मासा येतो तो थेट तुमच्या मांड्यांमध्ये. लांब चिमट्याने गरी सोडवा, पाण्यावरच.

खाडीत कुणी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकत असेल, जाळी लावली असतील, तर लांबून जा आणि आधी विचारा. त्यांचं पोट त्यावर आहे. मला तांबोशीच्या दोन चांगल्या जागा अशा विचारण्यातूनच कळल्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. आपली वल्ह्याची असली तरी त्या दिवसांत खाडीला वरून पूर येतो, झाडाचे ओंडके वाहत येतात, म्हणून माझी कयाक नारळी पौर्णिमेपर्यंत पडवीत उलटी टांगलेली असते. टांगताना दोन रुंद पट्ट्यांवर टांगा, दोरीवर नको. उन्हाळ्यात प्लास्टिक मऊ होऊन खळगा पडतो.

पैशांचं सांगायचं तर 12 हजारांत जॅकेट आणि वल्हं धरलंय का विचारा. वल्ह्याची लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास हवी. भाड्याच्या धंद्यातली जॅकेटं बहुतेक फुसकी झालेली असतात, फोम दाबून बघा, आणि तुमचं नवीनच घ्या, बाकी कशात काटकसर करा. अर्धा तास पाण्यात चालवून बघू दे म्हटल्यावर विकणारा टाळाटाळ करायला लागला, तर तिथूनच परत फिरा. कुठली खाडी आहे ते खाली लिहा. दक्षिण कोकणातली असेल तर पहिल्या फेरीसाठी कुठली तिथी बरी ते मी सांगेन.