ती बॅगेची वही काढा

प्रश्न: मी ठाण्यात नौपाड्यात राहते, वय ६७. मुलगा-सून अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ अल्टाडेनाला होते. मीही तिथे सहा महिने राहून आले. जानेवारी २०२५ च्या वणव्यात त्यांचं घर जळालं. देवाच्या कृपेने माणसं वाचली. आता भाड्याच्या घरात आहेत आणि त्याच जागेवर पुन्हा बांधायचं म्हणतात. आमचा घोडबंदर रोडचा फ्लॅट रिकामा पडलाय, या इकडे, म्हटलं की सून गप्प. दर रविवारी त्या जळालेल्या गल्लीतल्या लोकांबरोबर तासन्‌तास बसते, आम्हाला फोन करायला मात्र वेळ नाही. केला तरी कशाला, तर इडलीपात्र चार ताटल्यांचं होतं की सहा, हे विचारायला. मी म्हटलं, गेलं ते गेलं, भांड्यांचं काय घेऊन बसलीस? मुलगा बिचारा कामात असतो. यांना परत यायला कसं पटवू?

ताई, फ्लॅटचं राहू द्या. मी अडकले ते इडलीपात्रापाशी. तुम्ही ते एका ओळीत उरकून टाकलंत, मला मात्र पत्रात तेवढंच दिसतंय.

तिकडे घर जळालं की सामानाचे विम्याचे पैसे मिळतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यातला काही हिस्सा कंपनीला यादीशिवाय द्यावा लागतो, पण त्यापुढचं हवं असेल तर एकेक वस्तू लिहा. काय होतं, किती नग, कुठल्या कंपनीचं, केव्हा घेतलं, आज नवं घ्यायचं तर कितीला पडेल. झारे, चमचे, उशांचे अभ्रे, सगळं. तुमच्याच ओट्याखालच्या कप्प्यात काय काय आहे ते डोळे मिटून सांगून बघा बरं. दहाव्या वस्तूला अडखळाल. आणि तुमचा कप्पा शाबूत आहे. तिला प्रत्येक वस्तू आधी आठवायची आणि मग ती जळाली म्हणून लिहायची. असं करत ती इडलीपात्रापर्यंत आली, तिथे अडली, आणि ज्या बाईला नक्की माहीत असेल तिला तिने फोन केला. त्या बाईने काय सांगितलं? भांड्यांचं काय घेऊन बसलीस.

मला राग आला, लपवत नाही.

आणि ‘मुलगा बिचारा’? घर दोघांचं होतं ना? मग यादी एकटीच्या गळ्यात कशी पडली? फोन तिनेच का करायचा? इडल्या काय त्याने खाल्ल्या नव्हत्या? तुमच्या पत्रात निर्दोष असा तो एकटाच आहे, आणि मला सगळ्यांत कमी पटला तोच.

आता रविवारचं. अल्टाडेनाला लागून असलेल्या ईटन कॅनियन या दरीत आग लागली ती ७ जानेवारीच्या संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास. ठाण्यात तेव्हा आठ तारखेची सकाळ होती, तुमचा चहा चालला असेल. सांता आना म्हणतात त्या तिकडच्या कोरड्या, सोसाट्याच्या वाऱ्यांनी ठिणग्या उडत गावात आल्या. गावातल्या लेक अव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेला घरं सोडा म्हणून आदेश निघाला तो पहाटे तीन वाजून गेल्यावर, तोवर आग दारात होती. १९ माणसं गेली, जवळजवळ सगळी त्या पश्चिमेकडची. ९,००० हून जास्त इमारती गेल्या. त्या रात्री जी माणसं मिळेल ते हातात घेऊन पळाली, त्यांच्यात ती रविवारी जाऊन बसते. तिथे तिला सुरुवातीपासून सांगत बसावं लागत नाही. आणि इतकं नक्की, की तिथे कुणी तिला ‘गेलं ते गेलं’ म्हणत नाही.

त्याच जागेवर कशाला बांधायचं, असं तुम्हाला वाटतं. २०१८ साली कॅलिफोर्नियातलंच पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली, तरी लोक तिथे परतून घरं बांधतायत. अल्टाडेनात आग विझली नाही तोच प्लॉट घेणारे फिरायला लागले, तेव्हा लोकांनी अंगणात पाट्या ठोकल्या: अल्टाडेना विकायचं नाही. तुमचा घोडबंदरच्या फ्लॅटचा आग्रह तिच्या कानाला त्या खरेदीवाल्यांच्या फोनसारखाच लागत असणार. गप्प बसते हा तिचा चांगुलपणा समजा.

त्या प्लॉटांवर आता राखसुद्धा राहिलेली नाही. बहुतेक ठिकाणी अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने ढिगारा उचलला, जोत्याचं काँक्रीट उखडलं, खालची सहा इंचांपर्यंत मातीही खरवडून नेली. योग्यच केलं, जळालेल्या जुन्या घरांच्या राखेत शिसं असतं, ॲस्बेस्टॉस असतं. पण आता तिने हात लावून बघावं असं तिथे काही नाही. जे आहे ते तिच्या आठवणीत, आणि तुमच्या. शेजाऱ्यांना गल्ली माहीत आहे, पण फडताळात डाव्या हाताला काय होतं हे त्यांना कुठून कळणार? सहा महिने त्या ओट्याशी तुम्ही उभ्या होतात.

म्हणून एकच करा. जाताना तुम्ही बॅगेची यादी केली असणारच. तेवीस-तेवीस किलोंत सगळं बसवायचं म्हणून मेतकूट काढून सोऱ्या घातला, पुरणयंत्र काढून परत आत ढकललं, ती सगळी खाडाखोड कुठल्या तरी जुन्या वहीत आहे. आपल्याकडच्या बायका असल्या वह्या टाकत नाहीत. ती काढा. मग फोनमधले तिकडचे फोटो उघडा आणि माणसं सोडून मागचं बघा. गणपतीच्या आरतीच्या फोटोत मागच्या शेल्फवर कुठले डबे आहेत, वाढदिवसाच्या फोटोत मिक्सर कुठला, खुर्च्या किती, भिंतीवर काय टांगलंय. कपाटात तिने कुठली पैठणी ठेवली होती ते तुम्हाला तिच्याइतकंच माहीत असेल. खोलीवार लिहून काढा.

शनिवारी रात्री साडेनऊला फोन लावा, तिच्याकडे शनिवारची सकाळ असते. फ्लॅटचा फ काढायचा नाही. ‘नवीन घेऊ की’ हेही नको. नुसतं वाचत जा. ती मध्येच रडली तर थांबा, आणि मग पुढची ओळ वाचा. आणि सुरुवात करायच्या आधी मुलाला उठवायला सांगा. लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवायचा, टाइप त्याने करायचं.