छोट्या चित्रात एकच प्रतीक पुरे

तुमचं देवगिरीचं चित्र पाहिलं. तासलेल्या कड्याची रेघ धीट आली आहे, तिला हात लावू नका. पण पोस्टकार्डाएवढ्या कागदावर किल्ला, बाभळ, कोरडी विहीर, घार आणि मावळता सूर्य, सगळ्यांनाच काहीतरी सांगायचंय. सुरुवातीला एकच प्रतीक घ्या. मी विहीर ठेवली असती. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना तळ दिसणारी विहीर समजावून सांगावी लागत नाही.

- विहीर मधोमध नको, जरा बाजूला घ्या. सगळ्यात गडद छटा तिच्या तोंडातच: तिथे मऊ, गडद ४बी पेन्सिल, लांबच्या डोंगराला कडक, फिकट २एच. नजर आपोआप तिकडे जाते.
- भोवतीचं रान मोकळं सोडा. कोरा कागदही ऊन दाखवतो.
- बोटानं घासून छटा पसरवू नका. नवखे हमखास हेच करतात आणि अख्खं चित्र राखाडी होतं.

रचनेची गणितं सध्या राहू द्या. याच जागेची आणखी दोन-तीन छोटी चित्रं काढा, दर वेळी विहीर वेगळ्या ठिकाणी, आणि मला नक्की दाखवा.