लेकीच्या परसबागेसाठी भरिताच्या वांग्याचे बी

प्रश्न : माझी लेक अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. आमच्या शेतातील भरिताच्या वांग्याचे बी तिला पोस्टाने पाठवायचे आहे. दिवाळीला येताना तीही तिकडच्या फुलझाडांचे बी सामानातून आणणार आहे. यात काही अडचण येईल का?
– एक वाचक, यावल (जि. जळगाव)

उत्तर : अडचण येईल, पण ती सुटण्याजोगी आहे, मात्र सुरुवात लेकीने करायची आहे, कारण बियाणे ज्या देशात जाते तेथील परवाना ते मागवणाऱ्यालाच काढावा लागतो. अमेरिकेच्या कृषी खात्याकडून अल्प प्रमाणातील बियाण्यांसाठी असा परवाना विनामूल्य मिळतो आणि त्यावर पाठवलेल्या बियाण्याला एरवी लागणारे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र (बियाणे रोग-किडींपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला) अमेरिकेच्या बाजूने माफ असते. एका पाकिटात फार तर ५० बिया किंवा १० ग्रॅम बी आणि एका पार्सलमध्ये जास्तीत जास्त ५० पाकिटे, अशी मर्यादा आहे. परवान्यासोबत तिला मिळणारी लेबले मागवून घेऊन पार्सलवर लावावीत, म्हणजे ते आधी तपासणी केंद्रावर आणि तेथून तिच्या घरी जाईल. पार्सल करण्यापूर्वी आपल्या पोस्टात कोणती कागदपत्रे लागतात, हेही विचारून घ्यावे.

प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव, मूळ देश आणि वनस्पतीचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत असावे लागते; ‘भरिताचे वांगे’ एवढे पुरत नाही, सोलॅनम मेलोंजेना (Solanum melongena) असे लिहावे. आपल्याकडे पिकून पिवळ्या पडलेल्या वांग्याचे बी काढून राखेत चोळून ठेवतात. घरच्या वापराला ती पद्धत उत्तमच, पण पार्सलमधले बी धुऊन सावलीत वाळवलेले असावे आणि त्यात राख, माती, गराचा कण किंवा औषधाची भुकटी राहू नये. मिरची-टोमॅटोचे बी त्याच पार्सलमध्ये घालू नये, कारण टोमॅटोच्या फळांवर सुरकुत्या पाडणाऱ्या एका विषाणूमुळे अमेरिकेने २०१९ मध्ये या दोन्ही पिकांच्या बियाण्यांवर वेगळ्या अटी घातल्या आहेत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि कमी बियांचे, भरपूर गराचे हे वाण लेकीच्या अंगणात रुजावे, असे आम्हालाही मनापासून वाटते.

फुलझाडांचे बी मात्र लेकीने नुसते बॅगेत टाकून आणू नये. परदेशी रोग-किडी रोखण्यासाठीच्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश, २००३ नुसार पेरणीच्या बियाण्यासाठी भारताचा आयात परवाना आधी काढावा लागतो आणि अमेरिकेतील अधिकाऱ्यांचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रही सोबत लागते. विमानतळावर सीमाशुल्काकडे तशी घोषणा करणेही बंधनकारक आहे. बी थोडे आहे म्हणून हे टाळू नये. आपल्या बांधांवर माजलेले गाजरगवत १९५० च्या दशकात आयात गव्हातून देशात आले, असे मानले जाते, आणि त्याचा उपद्रव शेतकरी आजही सोसत आहेत. एवढ्या खटपटीपेक्षा झेंडू, झिनिया, कॉसमॉस यांचे बी आपल्याच रोपवाटिकेतून घेतलेले बरे.