‘मारानाथा’तला नाथ

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. हजेरी अंगठ्याने लागते, सूचना मोबाइलवर येतात आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या कुटुंबाचे आडनाव मला चुकून आमच्याकडे आलेल्या पार्सलवरून समजले. दर रविवारी उपासनेला जातो, तरी आपण कोणाचेच नाही असे वाटत राहते. मित्राने ख्रिस्ती ध्यान सुचवले, पण घरातले वडीलधारे ‘हे आपले नव्हे’ म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वडीलधाऱ्यांची शंका अगदीच निराधार नाही. ही पद्धत आजच्या काळात रुजवणारे बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती मठसंघाचे संन्यासी जॉन मेन (१९२६–१९८२) मलायात नोकरीला असताना एका हिंदू स्वामींकडून जप शिकले होते. मठात गेल्यावर त्यांना तो सोडायला सांगितले गेले आणि त्यांनी तो सोडलाही. पण पुढे जॉन कॅसियन या प्राचीन ख्रिस्ती संन्यासी-लेखकाच्या लेखनात त्यांना आढळले की, इजिप्तच्या वाळवंटातले ख्रिस्ती तपस्वी चौथ्या शतकातच बायबलमधल्या सत्तराव्या स्तोत्राचे पहिले वचन अखंड घोळवत असत. तेव्हा वाट परकी नव्हती, विसरलेली होती.

मेन यांनी निवडलेला शब्द ‘मारानाथा’. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी तो येतो. अरामी भाषेत त्याचा अर्थ ‘प्रभू, ये’. (निवृत्तिनाथांच्या त्र्यंबकेश्वराजवळ राहणाऱ्या आपल्याला त्यात ‘नाथा’ ही हाक ऐकू येते, तो योगायोग, पण मला आवडतो.) पाठ ताठ ठेवून बसावे, डोळे मिटावेत, ही चार अक्षरे सारख्या लयीत मनात म्हणावीत आणि मन भरकटले की न रागावता शब्दाकडे परतावे. दिवसातून दोनदा, वीस ते तीस मिनिटे. रात्रपाळी असेल तर झोपून उठाल तीच तुमची सकाळ.

यंत्र अंगठा ओळखते, पण त्या ओळखीत हाक नसते. तुमचे दुखणे मला तिथे दिसते. रविवारच्या उपासनेतही आपण बहुधा बोलतच असतो. ध्यानात मागणे थांबते आणि नुसते कोणासमोर तरी असणे उरते. सुरुवातीचे काही आठवडे कंटाळाच येईल, आणि तो येऊ द्यावा. झोप व भूकच उडाली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना भेटा.

एक विचारायचे राहिले. ते पार्सल तुम्ही स्वतः नेऊन दिलेत की वॉचमनकडे ठेवलेत, हे पत्रात लिहिलेले नाही.